शिल्लक ठेवायची नाही

एक माणूस, दोन नळ आणि नऊ बादल्या. सांगा पाहू, हे घर कोणाचं?

हे कोडं सोपं होतं. घर सायली आत्याचं होतं आणि अकरा वर्षांची पालवी त्या कोऱ्या बादल्यांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. अवघड कोडं निराळंच होतं. एकट्या बाईला नऊ बादल्या कशाला लागतात? मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी अशाच छत्र्या आल्या होत्या, त्याच्या मागच्या महिन्यात साबणाची खोकी. "कशाला?" असं घरातल्या एकाही मोठ्या माणसाने आत्याला विचारलं नव्हतं. मोठी माणसं विचारत बसत नाहीत, परस्पर ठरवून मोकळी होतात. सायलीचा हात सैल आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सायली आत्या म्हणजे पालवीच्या बाबांची धाकटी बहीण. ती खेळणीघरात नोकरी करायची. पुस्तकांचं वाचनालय असतं ना, तसं हे खेळण्यांचं. मुलं खेळणी घरी नेतात, खेळून परत आणतात, आणि आत्या ती धुऊन, सगळे तुकडे जागेवर आहेत ना ते बघून फडताळात लावते. आत्याची एक रीत होती. ती शब्द जसा ऐकायची तसाच घ्यायची. लहानपणी कोणीतरी तिला म्हणालं, "दुधाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव," तर ती तेलाची बाटली घेऊन आली. ही गोष्ट घरात अजून हसून हसून सांगतात. आत्या त्यावर कधी हसली नाही.

याला मेंदूवैविध्य म्हणतात (सगळ्यांचे मेंदू एकाच तऱ्हेने चालत नाहीत, एवढी साधी गोष्ट सांगणारा भारदस्त शब्द). काही मेंदू प्रसंग बघून शब्दाचा अर्थ बदलतात. आत्याचा मेंदू एकदा मिळालेला अर्थ नीट जपून ठेवायचा. हा काही आजार नव्हे. कोणी उजव्या हाताने लिहितं, कोणी डाव्या, त्यातलाच हा प्रकार. पण जगातली बहुतेक दारं उजव्या हाताने उघडायची असली, की डावखुऱ्याला लोक वेंधळा म्हणतात.

नाशिकच्या उत्तरेला नव्याने वसलेल्या स्वावलंबन वसाहतीत आत्या राहायची. अशा वेगळ्या मेंदूंच्या माणसांना स्वतःचं घर स्वतः चालवता यावं म्हणून सरकारने ती उभारली होती. तिथे प्रत्येक ओट्यावर एक मुनीमजी बसलेला असे. मुनीमजी हा तांब्याएवढा यंत्रमानव. पगार जमा झाला की भाडं, वीज, पाणी तो आपणहून भरायचा आणि उरलेल्या पैशांचा हिशेब बोलून सांगायचा. हा मुनीमजी बनवला होता पालवीच्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, तिच्या अप्पांनी. डॉ. प्रशांत गुंजाळ हे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत सारखं असायचं. वसाहतींमधल्या चाळीस हजार घरांत त्यांचे मुनीमजी बोलत होते, आणि तेही खुद्द त्यांच्याच आवाजात. आवाज विश्वासाचा हवा, म्हणून आजोबांनी आपलाच दिला होता.

त्या संध्याकाळी घडलं ते असं. सुट्टीसाठी आलेली पालवी खिडकीत पेरू खात होती. मुनीमजीचा निळा डोळा पेटला आणि आजोबांच्या आवाजात तो म्हणाला, "सायली, आज महिना संपतो. तुमच्याकडे अजून शिल्लक आहे. तीन हजार दोनशे रुपये."

आत्याने सुस्कारा सोडला. ती नुकतीच कामावरून आली होती, पाय दुखत होते. तरी ती उठली. पालवीला घेऊन खालच्या दुकानात गेली आणि एकेक बादली ठोकून बघत नऊ बादल्या घेतल्या. तेव्हा नाणीनोटा संग्रहालयात गेल्या होत्या, सगळा व्यवहार अंगठ्यावर चालायचा. दुकानातल्या काचेवर अंगठा टेकवला की झालं. बादल्या घेऊन थोडे पैसे उरले, त्याच्या आत्याने लिमलेटच्या गोळ्या घेतल्या.

"आत्या, पण बादल्याच का?"

"छत्र्या मागच्या महिन्यात झाल्या."

"अगं, पण घ्यायच्याच कशाला?"

"आज शेवटचा दिवस आहे. संपवायचं असतं," आत्या म्हणाली.

पालवीला वाटलं, हा आत्याचा काहीतरी खेळ आहे. ती खूप हसली. वर आल्यावर मुनीमजी म्हणाला, "शिल्लक शून्य," आणि त्याचा डोळा विझला. आत्या समाधानाने भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधकेंद्रावर आत्याने अंगठा टेकवला. काच लाल झाली. "अंगठा अमान्य. पालकांशी संपर्क साधावा," असं काचेने मोठ्याने सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. आत्याने अंगठा ओढणीला पुसला आणि पुन्हा टेकवला. काच पुन्हा लाल. मग ती कडेच्या नळावर गेली, अंगठा साबण लावून धुतला, वाळवला आणि परत आली. "ताई, उरका की आता," मागचा माणूस म्हणाला. तिसऱ्यांदा काच लाल झाली तेव्हा आत्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. चौतीस वर्षांची बाई, स्वतःच्या पगाराचं दूध, आणि तिला पालकांना बोलावून आण म्हणतात! काल आपण हसलो, हे पालवीला आठवलं.

आजोबांच्या घरी दोघी पोचल्या तेव्हा आजोबा आरामखुर्चीत बसून होते. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, आणि पालवीला तेच फार झोंबलं.

"नियम आहे," ते म्हणाले. "सलग तीन महिने शून्य झालं की मुनीमजी पालकत्व मंडळाला कळवतो (ज्याला आपला व्यवहार सांभाळता येत नाही असं ठरतं, त्याच्यासाठी सांभाळणारा नेमून देणारं सरकारी मंडळ). मंडळ अंगठा बंद करतं. आता सुनावणी होईल."

"हा नियम आत्याला माहीत होता?"

"सूचना माझ्याकडे आल्या होत्या, कुटुंबप्रमुख म्हणून. मी तिला दोनदा बजावलं. म्हटलं, सायली, पैसे जपून वापर."

"जपूनच वापरले," आत्या म्हणाली. "एकही रुपया हरवला नाही. बादल्या ठोकून घेतल्या."

"कपाळ माझं!" आजोबा म्हणाले. आत्याने त्यांच्या कपाळाकडे नीट बघितलं. तिथे काही झालेलं नव्हतं.

दुपारी जेवायला बसले. भाजी कारल्याची होती. पालवीने ती हळूच ताटाच्या कडेला सारली, पण आजोबांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"पालवी, ताटात शिल्लक ठेवायची नाही. या घराचा नियम आहे."

"एक शीतसुद्धा नाही," आत्या लगेच म्हणाली, पाढे म्हटल्यासारखी. "दिवस मावळायच्या आत संपवायचं. पोट भरलं असलं तरी. मी एकदा दिवेलागणीपर्यंत ताटासमोर बसले होते. दोडक्याची भाजी होती."

पालवीचा हात थांबला. तिने आत्याकडे बघितलं, मग आजोबांकडे, मग पुन्हा आत्याकडे.

"आत्या, महिना संपताना मुनीमजी काय सांगतो गं?"

"शिल्लक आहे, असं सांगतो."

"आणि मग तू काय करतेस?"

"संपवते," आत्या म्हणाली. हे विचारायची काय गरज, असा तिचा चेहरा झाला. "शिल्लक ठेवायची नाही. अप्पांनीच सांगितलंय ना. आणि मुनीमजीही अप्पांच्याच आवाजात बोलतो. मला त्या बादल्या नको होत्या. त्या वर चढवून माझी पाठ भरून आली."

आजोबांच्या हातातला घास हातातच राहिला. चाळीस हजार घरांतले शब्द त्यांनी स्वतः निवडले होते, आणि ताटाचा नियमही त्यांचाच. दोन्ही आवाज एका माणसाचे होते, आणि मधल्या मधे मुलगी भरडली गेली होती.

"शिल्लक हा संदिग्ध शब्द आहे," ते हळूहळू बोलायला लागले (संदिग्ध म्हणजे एकाच शब्दातून दोन किंवा जास्त अर्थ निघू शकणारा). "ताटात उरते ती शिल्लक वाईट. खात्यात उरते ती शिल्लक चांगली. शब्द तोच. कोणत्या वेळी कोणता अर्थ घ्यायचा, हे बहुतेक मेंदू आजूबाजूच्या गोष्टींवरून ओळखतात, आणि इतकं झटपट ओळखतात की आपण काही ओळखलं हेही त्यांना कळत नाही. त्यामुळे आम्हाला वाटत राहतं की शब्दाला एकच अर्थ आहे."

"तुम्हाला वाटत राहिलं," पालवी म्हणाली. एरवी असं उलटून बोलल्यावर तिला ओरडा बसला असता. आज आजोबांनी नुसती मान डोलावली.

जेवणं आटोपली. आत्या भांडी आवरत होती. चिनी मातीच्या सटातलं दही तिने वाटीत काढलं, पण तळाशी चमचाभर ठेवलं आणि सट झाकून बाजूला ठेवला. पालवी बघत होती.

"आत्या, ते का नाही संपवलंस? शिल्लक ठेवलीस की."

"ही शिल्लक नाही. हे विरजण आहे," आत्या म्हणाली. "हे संपवलं तर उद्या दही कशाचं लावणार?"

तिचं अगदी बरोबर होतं. त्या चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात (जिवाणू म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव). ते कोमट दुधातली साखर खातात, तिचं आम्ल करतात आणि दुधाचं दही होतं. ते सगळे खाऊन टाकले तर नुसतं दूध उरेल. म्हणून विरजण कोणी संपवत नाही. भूक लागली तरी नाही.

"मग मुनीमजी जर म्हणाला असता, तीन हजार दोनशे रुपये विरजण आहे, तर?"

आत्याने सटावरचं झाकण दाबून बसवलं. "तर मी हात लावला नसता," ती म्हणाली. "बादल्या कशाला आणल्या असत्या?"

कोडं सुटलं. पण कोडं सुटलं म्हणून अंगठा सुटत नाही. पालवीला तेव्हा ते कळत नव्हतं. ती आनंदाने उड्या मारत होती. आता आजोबा मंडळाला सगळं सांगणार, चूक यंत्राची होती हे सगळ्यांना कळणार आणि आत्या आपल्या घरी जाणार, असं तिला वाटत होतं. "मी सांगतो, बाळा," असं आजोबा म्हणालेही होते.

सुनावणीच्या दिवशी पालवी शाळा बुडवून गेली. मंडळाच्या अध्यक्षबाई शांत, गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पडद्यावर तीन शून्यं दाखवली. मग आजोबांकडे वळून विचारलं, "डॉक्टर, हे यंत्र तुमचं. त्यात काही दोष आहे का?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. लवकरच सरकार आणखी एक लाख मुनीमजी घ्यायचे की नाही हे ठरवणार होतं. आजोबांना हे माहीत होतं आणि अध्यक्षबाईंनाही.

आजोबा खाकरले. "यंत्र दिलेल्या सूचनांप्रमाणे बरोबर चाललं. थोडा... गैरसमज झाला."

"यंत्राचा, की सायलीताईंचा?"

पालवीने आजोबांचा सदरा मागून ओढला. आजोबांनी मागे बघितलं नाही.

"सायलीचा," ते म्हणाले.

झालं. डॉ. गुंजाळ हे सायली गुंजाळ यांचे पालक, असा निर्णय लिहिला गेला. आत्याचा पगार आता आजोबांच्या खात्यात जाणार होता. अंगठा परत हवा असेल तर काय करायचं, तेही अध्यक्षबाईंनी समजावलं. सायलीताईंनी वर्षभर स्वतःचा व्यवहार स्वतः नीट करून दाखवायचा.

"पण अंगठाच बंद आहे तर व्यवहार कसा करून दाखवणार?" पालवीने उभं राहून विचारलं.

"नियम तसा आहे, बेटा," अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. म्हणजे पोहता येतं हे सिद्ध केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही! हा नियम ज्याने केला त्याला कोणी पालक नेमला नव्हता.

आत्या आजोबांच्या घरी राहायला आली. बादल्या, छत्र्या आणि साबणाची खोकी गच्चीवरच्या खोलीत गेली. साधा कंगवा घ्यायचा तरी तिला आजोबांना सांगावं लागे. खेळणीघरात जायला दोन बस लागत, त्याचे पैसे ती रोज सकाळी दारात उभी राहून मागायची. आजोबा द्यायचे, नाही असं कधीच म्हणाले नाहीत. पण मागावं तर लागायचंच ना. आत्या फारसं बोलेनाशी झाली. पालवीला आजोबांचा राग यायचा, इतका की त्यांनी आणलेला खाऊ ती तसाच ठेवायची.

आजोबांना झोप लागत नव्हती, एवढं मात्र खरं. त्यांनी नवा मुनीमजी करायला घेतला. "शिल्लक" हा शब्द सगळीकडून काढून टाकला आणि त्या जागी "विरजण" घातला. मग मोठ्या उमेदीने तो आत्यासमोर ठेवला.

"माझ्यासाठी बरोबर आहे," आत्या म्हणाली. "फरीदाला विचारलंत?"

"कोण फरीदा?"

"माझ्या शेजारी राहते. तिला आकडे उलटसुलट दिसतात."

आजोबांनी यंत्र उचललं आणि पालवीला घेऊन ते वसाहतीत गेले. चाळीस हजार घरांत मुनीमजी बसवणारा हा माणूस अशा एखाद्या घरात पहिल्यांदाच, विचारायला म्हणून, शिरत होता. फरीदा घरीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"विरजण? अहो साहेब, दर महिन्याला हे यंत्र मला सांगणार की माझ्या पगारावर विरजण पडलं? आधीच नशीब काय कमी आहे का!"

पालवीला हसू फुटलं. खरंच की! आनंदावर विरजण पडतं तेव्हा कोणाला दही मिळत नाही. म्हणजे हा शब्दही संदिग्धच निघाला. आत्याला तो चालला, फरीदाला चालेना.

"मग तुम्ही काय म्हणाल?" आजोबांनी वही काढली.

"मी बरकत म्हणेन. आणि ते आकडे नकोत मला. दोनशे तीस आणि तीनशे वीस मला सारखेच. बरणीत लोणचं किती उरलंय ते मला लांबून कळतं. तसं दाखवता येईल का?"

तळमजल्यावरच्या ओंकारचं तिसरंच काही निघालं. त्याच्या मेंदूला "पुढचा महिना" ही गोष्ट जाणवतच नव्हती. त्याच्याकडे वेळा दोनच, "आत्ता" आणि "आत्ता नाही". औषधाचे पैसे समोर दिसत असले की ते खर्चून जायचे. त्याला ते आधीच बाजूला काढून, नजरेआड ठेवणारा मुनीमजी हवा होता.

परत येताना आजोबा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "पालवी, माझी चप्पल नऊ नंबरची, तुझी तीन. दोन्हींची सरासरी काढली तर येते सहा (सरासरी म्हणजे सगळ्यांची बेरीज करून ती जितकी माणसं तितक्या जणांत सारखी वाटणं). सहा नंबरची चप्पल करून मी दुकान थाटलं. ती मलाही होत नाही आणि तुलाही होत नाही. सरासरी माणूस फक्त कागदावर असतो. मी त्याच्यासाठी यंत्र केलं, आणि ज्यांच्या पायाला ते लागलं त्यांना चालता येत नाही म्हणालो."

"मग काय करायचं?"

"जो वापरणार, त्याला आधीपासून सोबत घ्यायचं. शब्द त्याचा, चित्र त्याचं, आणि चुकलं तर शिक्षा करण्याआधी यंत्राने विचारायचं, 'हे तुम्हाला खरंच हवंय का?' एवढं एक वाक्य असतं, तर पहिल्याच महिन्यात सायली म्हणाली असती, नकोय."

पालवीला हे इतकं लख्ख समजलं की तिला नवल वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी मोठमोठ्या माणसांना आत्याचं घर जायची वाट बघावी लागली होती.

नव्या मुनीमजीत प्रत्येकाला आपला शब्द घालता येत होता. फरीदाच्या ओट्यावर आता काचेची बरणी उजळत होती. ओंकारची औषधं चुकेनाशी झाली. सरकारी खातं खूश झालं, एक लाख यंत्रांची मंजुरी जवळजवळ पक्की झाली, समारंभ ठरला. वसाहतीत अंगठा असलेल्या प्रत्येकाला नवं यंत्र मिळालं. आत्याला मिळालं नाही. तिच्याकडे अंगठाच नव्हता, तर हिशेब कशाचा ठेवणार?

समारंभाच्या आदल्या दुपारी आजोबांचं भाषण टेबलावर पडलं होतं. आत्या धूळ पुसत होती. तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि आजोबांसमोर धरलं.

"इथे लिहिलंय, 'माझ्या मुलीच्या गैरसमजातून मला ही कल्पना सुचली.' गैरसमज म्हणजे चुकीचा अर्थ लावणं ना?"

"हो, पण..."

"मी चुकीचा अर्थ लावला नाही. तुम्ही दिलात तोच ठेवला. दुसरा अर्थ तुम्ही आणलात आणि मला सांगितला नाहीत. मग चूक तुमची आणि अंगठा माझा गेला. असं का, अप्पा?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि म्हणूनच आजोबांना तिच्याकडे बघवेना.

"मी मंडळाला सांगणार आहे, सायली. यंत्रात दोष होता असं लिहून दिलं की तुझी सुनावणी पुन्हा घ्यावीच लागेल. पण आत्ता सांगितलं तर मंजुरी अडकेल. चाळीस हजार घरांची चौकशी लागेल, वर्तमानपत्रवाले तुटून पडतील. योग्य वेळ आली की मी सांगतो."

पालवी दारात उभी होती. मोठ्या माणसांची "योग्य वेळ" तिच्या चांगली ओळखीची होती. सायकल, सहल, मांजरीचं पिल्लू, सगळं योग्य वेळी मिळणार होतं. ही वेळ कधी येत नाही, हे तिला शेंबड्या वयापासून ठाऊक होतं. आत्याने मात्र शब्द जसा ऐकला तसाच घेतला.

"योग्य वेळ म्हणजे किती वाजता?" तिने विचारलं.

एका शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगायला आजोबांना एरवी फार आवडायचं. आज त्यांच्या तोंडून एकही अर्थ बाहेर पडेना. आत्या वाट बघत उभी राहिली. तिला उत्तर हवं होतं आणि ते मिळेपर्यंत ती हलणार नव्हती.

"मंडळाचं कार्यालय साडेपाचला बंद होतं," पालवी दारातून म्हणाली.

आजोबांनी घड्याळाकडे बघितलं. साडेचार वाजत आले होते.

"आज गेलो तर उद्याचा समारंभ होणार नाही," ते म्हणाले.

"नाही होणार," आत्या म्हणाली.

"आणि तुझा अंगठा लगेच मिळेल असंही नाही. चौकशी होईल. महिने जातील."

"चालेल. पण सुरू होईल ना?"

आजोबांनी मान हलवली. सुरू नक्की होईल.

"मग उठा," आत्या म्हणाली. "साडेपाचला बंद होतं."

आजोबा उठले.